विद्यावेतनापासून कर्जखात्यापर्यंत : इंग्लंडमधील परिचर्या-शिक्षणाचा खर्च

परिचर्येची पदवी घेण्यासाठी काढलेले कर्ज पुढच्या पगारातून फिटते की नाही, हा प्रश्न इंग्लंडमध्ये आज सर्रास विचारला जात असला, तरी तो तेथे 2017 पूर्वी फारसा विचारला गेला नव्हता, कारण त्याआधीच्या दीड शतकात परिचारिका होऊ पाहणाऱ्या बहुतेक मुलींना शिक्षणासाठी पैसे मोजावे लागत नसत, उलट थोडेफार हातात पडत. ते शिक्षण फुकट होते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. त्याची किंमत श्रमाच्या रूपाने वसूल होत असे, आणि रुग्णालयांच्या हिशेबवह्यांत ती शिक्षणाची किंमत म्हणून कधी मांडली जात नसे.

क्रिमियन युद्धातील कामगिरीच्या गौरवार्थ जमलेल्या सुमारे 45 हजार पौंडांच्या निधीतून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा उघडली, तेव्हा तेथील उमेदवार मुलींना राहणे, जेवण आणि गणवेश यांखेरीज वर्षाला 10 पौंड मिळत आणि त्या बदल्यात प्रशिक्षणानंतर काही वर्षे नेमून दिलेल्या रुग्णालयात नोकरी करण्याचे बंधन त्यांना पत्करावे लागे. पुढे याच व्यवस्थेत एक दुसरा वर्ग निर्माण झाला. सधन घरांतील मुली, ज्यांना त्या काळी ‘लेडी’ उमेदवार म्हटले जाई, त्या स्वतःच्या निवास-भोजनाचा खर्च भरून शिकू लागल्या, आणि इतर काही रुग्णालयांनी अशा मुलींकडून आठवड्याला एक गिनी, म्हणजे 21 शिलिंग, घेण्याचा दर ठरवून टाकला. पैसे भरणाऱ्या या मुलींकडे पुढे वॉर्डप्रमुख किंवा मेट्रन, म्हणजेच अधिसेविका, होण्याच्या दृष्टीने पाहिले जाई, तर 10 पौंडांवर राबणाऱ्या मुलींना साध्या परिचारिकेच्या जागेवरच थांबावे लागण्याची शक्यता अधिक असे. पुढील मिळकतीच्या आशेने आधी पैसे गुंतवण्याचा विचार या व्यवसायात प्रथम शिरला तो असा, वरच्या वर्गाच्या दाराने.

रुग्णालयांना ही व्यवस्था किती सोयीची होती, हे पुढील काळात दिसून आले. 1919 च्या कायद्याने परिचारिकांची सरकारी नोंदणी सुरू झाली, तरी शिकणारी मुलगी ही मुख्यतः वॉर्डातील स्वस्त मनुष्यबळच राहिली. तिच्या पाळ्या ठरत त्या वॉर्डाच्या गरजेनुसार, आणि व्याख्याने उरलेल्या वेळात बसवली जात. 1947 मध्ये वुड समितीने विद्यार्थिनींना खऱ्या अर्थाने विद्यार्थिनी मानावे आणि रुग्णालयाच्या कामाचा भार त्यांच्यावरून काढावा, अशी शिफारस केली, परंतु पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला, म्हणजे ‘एनएचएस’ला, त्यांच्या हातांवाचून वॉर्ड चालवणे शक्य नसल्याने ती शिफारस बव्हंशी बाजूला पडली.

ती स्थिती बदलली ‘प्रोजेक्ट 2000’ या योजनेने. 1989 पासून अमलात येऊ लागलेल्या या योजनेत शिक्षण रुग्णालयांच्या शाळांतून उच्च शिक्षणसंस्थांकडे गेले, वॉर्डातील विद्यार्थिनी मंजूर कर्मचारीसंख्येत धरली जाईनाशी झाली आणि पगाराची जागा ‘बर्सरी’ने, म्हणजे परत न करावयाच्या विद्यावेतनाने, घेतली. 1998 पासून इंग्लंडमधील इतर पदव्यांना शुल्क लागू झाले आणि 2012 मध्ये ते वर्षाला 9,000 पौंडांपर्यंत चढले, तेव्हाही परिचर्येचे शुल्क आरोग्य खातेच भरत राहिले. परंतु त्यात एक मेख होती. खाते पैसे भरत असल्याने किती जागा द्यायच्या हेही तेच ठरवी, आणि काटकसरीच्या वर्षांत जागांना कात्री लागे.

हेच कारण पुढे करून अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी नोव्हेंबर 2015 मध्ये विद्यावेतन बंद करण्याची घोषणा केली. कर्जपद्धती आणल्यास जागांवरील मर्यादा उठेल आणि सुमारे 10 हजार जागा वाढतील, असा त्यांच्या सरकारचा दावा होता. ऑगस्ट 2017 पासून नव्या विद्यार्थिनींना वर्षाला 9,250 पौंड शुल्क लागू झाले, म्हणजे तीन वर्षांचे 27,750 पौंड, आणि राहण्या-जेवण्याचे कर्ज वेगळे. त्या वर्षी जानेवारीच्या मुदतीपर्यंत इंग्लंडमधून आलेल्या अर्जदारांची संख्या सुमारे 23 टक्क्यांनी घटली. संसार सांभाळून वयाच्या तिशीत या व्यवसायाकडे वळणाऱ्या स्त्रियांना या बदलाचा फटका विशेष बसला. वेल्सने मात्र दोन वर्षे तेथेच नोकरी करण्याच्या अटीवर विद्यावेतन चालू ठेवले, स्कॉटलंडने तर ते वाढवले, आणि इंग्लंडलाही 2020 मध्ये वर्षाला 5,000 पौंडांचे अनुदान परत आणावे लागले. शुल्क मात्र कायम राहिले. यातील विसंगती अशी, की नियमानुसार अभ्यासक्रमाच्या 4,600 तासांपैकी निम्मे तास प्रत्यक्ष रुग्णसेवेत घालवावे लागतात, म्हणजे पूर्वी ज्या कामासाठी मुलीला 10 पौंड मिळत, तशाच कामाच्या काळात आता तीच शुल्क भरते.

कर्जाचा हिशेब रूढ सावकारी हिशेबासारखा नाही. 2017 च्या तुकडीला ठरावीक उत्पन्नमर्यादेवरील रकमेच्या 9 टक्केच कापून द्यावे लागतात आणि 30 वर्षांनंतर उरलेले कर्ज माफ होते. 2024-25 मध्ये एनएचएसमध्ये नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकेचा मूळ पगार 29,970 पौंड होता आणि मर्यादा 27,295 पौंड, त्यामुळे वर्षाची कपात सुमारे 241 पौंड, म्हणजे महिन्याला जेमतेम 20 पौंड होती. एवढ्याने व्याजही फिटत नाही. त्यात मुलांसाठी काही वर्षे अर्धवेळ काम करणारी परिचारिका मर्यादेखालीच राहण्याचा संभव असतो. तेव्हा ज्याला कर्ज म्हटले गेले तो व्यवहारात एक जादा कर होता, आणि न फिटलेला भाग अखेर सरकारी तिजोरीवरच पडणार होता. विद्यावेतन बंद करून वाचवल्याचे दाखवलेले पैसे पुष्कळ अंशी नुसते पुढच्या पिढीच्या अंदाजपत्रकात ढकलले गेले.

2023 पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी हेही बदलले. व्याजदर उतरला, पण मर्यादा 25,000 पौंडांवर आणली गेली आणि माफीची मुदत 40 वर्षांवर गेली. वरीलच पगारावर या मर्यादेनुसार वर्षाला सुमारे 447 पौंड कापले जातील, आणि एकविसाव्या वर्षी पदवी घेणाऱ्या मुलीच्या पगारातून ही कपात तिच्या साठीपर्यंत चालू राहू शकते. भरपूर कमावणाऱ्यांचे कर्ज कमी व्याजामुळे लवकर फिटते आणि अगदी कमी कमावणाऱ्यांना फारसे भरावेच लागत नाही; ज्यांचे कर्ज जुन्या नियमात बऱ्याच अंशी माफ झाले असते आणि नव्या नियमात त्यांच्याकडून जवळजवळ पूर्ण वसूल होईल, अशा मधल्या उत्पन्नगटात परिचारिकांचा भरणा मोठा आहे.