चिपळूणच्या छावणीचा दाणागोटा



गेल्या आठवड्यात पुण्याहून पुतण्या आला, बरोबर त्याचे तीन मित्र. विहिरीजवळच्या आंब्याखाली तंबू ठोकून दोन रात्री राहायचं, स्वतः रांधून खायचं, असा बेत. सामान भरपूर आणलेलं. पण पहिल्याच रात्री चौघांनी अंडी, पाव, बटाटे सगळं उडवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी हजर. "काकू, भाकरी आहे का?" घरात सगळी हसली. मला मात्र शिवाजी महाराजांचं एक पत्र आठवलं.

पत्र १९ मे १६७३ चं, म्हणजे राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षीचं. चिपळूणला घोड्यांची पागा पावसाळ्यासाठी छावणीला होती, तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं. आपण व्याख्यानात ऐकतो ते एवढंच, की रयतेच्या काडीलाही हात लावू नका. ते त्यात आहेच. पण सबंध पत्र वाचलं तर निम्म्याच्या वर हिशोब आहे तो दाण्याचा आणि गवताचा. मला तर ते एखाद्या जाणत्या कुणब्याने घरच्या गड्याला समजावून सांगावं तसं वाटतं.

झालं होतं असं. दाभोळच्या सुभ्यात पागेसाठी पावसाळ्याची बेगमी आधीच करून ठेवली होती. पण मध्येच चिपळूणला लष्कराचा तळ पडला आणि त्यातलं बरंच खर्च झालं. वर वैशाखाचे वीसेक दिवस पागा तिथेच बसून खात होती. मग कारकुनांकडून, गडागडांवरून असेल तो गल्ला काढून जेमतेम बेगमी पुन्हा उभी केली. पाऊस तोंडावर आलेला. ज्यांनी कोकणातला पाऊस बघितलाय त्यांना सांगायला नको, एकदा झड लागली की बाहेरून काही येत नाही.

म्हणून महाराज बजावतात, की आहे तोवर मनाला येईल तसा दाणा मागाल, गवत चाराल, तर भर पावसात सगळं संपेल. मग घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. तेवढ्यावर थांबत नाहीत. पुढची पायरी दाखवतात. तुमचं संपलं की तुम्ही गावात शिराल. कोणी कुणब्याचं दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजी. मग जे कुणबी कसेबसे घर धरून राहिलेत तेही उठून जातील, आणि त्यांना वाटेल की मोगल परवडला पण हे नकोत. लागेल ते बाजारात जाऊन रास्त पैसे देऊन घ्या, पगार तुम्हाला खजिन्यातून पोचलेला आहे. आणि पागेचा रातीब, म्हणजे रोजचा नेमून दिलेला शिधा, कारकून देईल तेवढाच घ्यायचा.

रयतेवरची माया सगळ्यांना दिसते. पण महाराजांनी कारण धरलंय ते कोठाराचं. पेंढ्या मोजल्या नाहीत की चोरी आपोआप येते, हे त्यांनी आधी ओळखलं.

हे माझ्या जिव्हारी लागायचं कारण वेगळं. २०१२ साली आमच्या माणदेशात पावसाने दगा दिला. माझ्याकडे आदल्या सालचा कडबा होता. दोन बैल, दोन गाई, एक म्हैस. सवयीप्रमाणे दिवाळीपर्यंत सैल हाताने टाकत गेलो. बैल खाऊन पायाखाली तुडवायचे, मी बघायचो. संक्रांतीला गंजीचा तळ दिसला. पुढे जनावरं छावणीत न्यावी लागली, तिथं मोजून मिळायचा चारा. धाकटा बैल त्याआधीच विकला, निम्म्या किमतीत. दावं सोडताना वडील एक शब्द बोलले नाहीत. दिवाळीपासून रोज तीन पेंढ्या कमी टाकल्या असत्या तर निदान तो बैल दावणीला राहिला असता. हा हिशोब मी नंतर केला.

मोठ्या मोठ्यांचंही असं झालंय. १७६० च्या ऑक्टोबरात भाऊसाहेबांच्या फौजेनं कुंजपुरा घेतला, तिथं धान्याचा मोठा साठा हाती लागला. त्यानंतर पानिपतावर तळ पडला तो १४ जानेवारी १७६१ पर्यंत, अडीच महिने. लढणाऱ्यांबरोबर बायकापोरं, यात्रेकरू, बाजारबुणगे, हजारो जनावरं. चालती फौज वाटेवर खाते, लमाणांचे तांडे बैलांवर गोणी घालून धान्य पोचवतात, शिपाई लष्करच्या बाजारात विकत घेतो. बसलेली फौज मात्र कोठार खाते. दिल्लीकडची वाट अब्दालीने अडवलेली. त्याची रसद तोडायच्या कामावर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. रानात गवत-सरपणाला गेलेली माणसं कापली जाऊ लागली. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं लोकच भाऊसाहेबांना म्हणाले. संक्रांतीच्या सुमारास झालेली ती लढाई उपाशी माणसांनी आणि उपाशी घोड्यांनी दिली. लोक विश्वासराव पडल्याचं बोलतात, तोफांचं बोलतात. मी शेतकरी माणूस, मला आधी घोड्याचा रिकामा तोबरा दिसतो.

चिपळूणच्या पत्रात शेवटी आगीचं आहे, ते तर फारच बारकाईचं. कोणी आगट्या पेटवतील, कोणी भलत्याच जागी चुली मांडतील, कोणी तंबाखूला विस्तव नेतील, गवत पडलंय की वारं सुटलंय हे बघणार नाहीत. एका खणाला लागली की सगळे खण जातील. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल. राज्य चालवणारा माणूस उंदराचा विचार करतो! ज्याच्या घरात चारा भरलेला असतो त्याला यात नवल वाटणार नाही.

तर दुसऱ्या रात्री घरून भाकरी, ठेचा, झुणका दिला. तरी पोरांना चुलीची हौस होतीच. चहा म्हणून पेटवली, ती गंजीपासून पंधरा पावलांवर. वारं पश्चिमेचं, ठिणग्या थेट गंजीकडे. मी उठलो, पाणी ओतलं आणि तीन दगड उचलून विहिरीच्या खालच्या अंगाला मांडून दिले.

"काका, इतकं काय घाबरता?" पुतण्या म्हणाला.

म्हटलं, बाबा, बाराशे पेंढ्या आहेत. नवा चारा येईपर्यंत तेवढ्यावरच काढायचंय.