शोकग्रस्त कुटुंबांची फसवणूक (वर्धा जिल्हा)

घरातील व्यक्तीच्या मृत्यूनंतर वारसांच्या शोकाचा व कागदपत्रांविषयीच्या अनभिज्ञतेचा गैरफायदा घेऊन त्यांचे पैसे, जमीन अथवा हक्क लुबाडणे, यास शोकग्रस्त कुटुंबांची फसवणूक म्हणता येईल. विदर्भातील वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न मुख्यतः शेतकरी कुटुंबांशी, त्यातही आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या विधवांशी निगडित आहे.

पार्श्वभूमी

तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी २००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्ध्याचा समावेश होता. त्याच वर्षी राज्य शासनाने पात्र आत्महत्याग्रस्त कुटुंबासाठी एक लाख रुपयांच्या मदतीची पद्धत ठरवून दिली. त्यानुसार ३० हजार रुपये तत्काळ मिळतात व ७० हजार रुपये ठेव म्हणून गुंतवले जातात. सर्व रक्कम एकदम हाती न आल्याने ती सावकार अथवा नातेवाइकांच्या हाती जाण्याचा धोका कमी होतो.

फसवणुकीचे प्रकार

मध्यस्थ : शासकीय मदत वा विम्याचा दावा ‘मंजूर करून देतो’ असे सांगून रकमेत हिस्सा मागितला जातो.

हक्कसोडपत्र : ‘वारसनोंदीची सही’ असे भासवून विधवेकडून किंवा मुलींकडून जमिनीवरील हक्क सोडल्याचा दस्त करून घेतला जातो.

तोंडी कर्ज : मृताने उसने घेतल्याचा दावा करून, पुराव्याविना वसुली केली जाते.

दूरध्वनी : बँक वा विमा कंपनीचे नाव सांगून ओटीपी अथवा ‘प्रक्रिया शुल्क’ मागितले जाते.

भोंदूगिरी : मृतात्म्याच्या शांतीच्या नावाखाली भीती घालून पैसे उकळले जातात.

कायदेशीर संरक्षण

हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र नसल्यास विधवा, मुलगे, मुली व मृताची आई हे प्रथम वर्गाचे वारस ठरतात. वारसांवर मृताच्या कर्जाची जबाबदारी वारशाने आलेल्या मालमत्तेपुरतीच असते; वारस स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार असल्यास मात्र ती वेगळी ठरते. नामनिर्देशित व्यक्ती बँकेतील रक्कम स्वीकारू शकते. परंतु ती वारसांची विश्वस्त असते, मालक नव्हे.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. सावकारीच्या ओघात बळकावलेली जमीन परत मिळविण्यासाठी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. मृत्युसमयी मृताच्या ताब्यात असलेल्या मालमत्तेचा अप्रामाणिकपणे अपहार करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१५ नुसार गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. अपहार करणारा मृताचा कारकून वा नोकर असल्यास ही मर्यादा सात वर्षे होते. भोंदूगिरीच्या अनेक प्रकारांना राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो.

खबरदारी

फसवणूक करणाऱ्याचे मुख्य साधन म्हणजे घाई. प्रत्यक्षात मृत्यूची नोंद २१ दिवसांत व वारसहक्काची माहिती तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यावयाची असते. त्यामुळे तेरवी आटोपण्यापूर्वी जमिनीच्या कोणत्याही कागदावर सही वा अंगठा करण्याची निकड सहसा नसते. विम्याच्या व अपघात मदतीच्या मुदती मात्र तुलनेने कमी असल्याने त्यांची चौकशी लवकर करावी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. त्याचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे थेट करता येतो, त्यासाठी मध्यस्थाची गरज नसते.

कोऱ्या कागदावर सही करू नये, मूळ कागदपत्रे कोणाच्या स्वाधीन करू नयेत आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. दस्त वाचता येत नसल्यास तो विश्वासातील त्रयस्थाकडून वाचून घ्यावा. हक्कसोडपत्राची नोंदणी दुय्यम निबंधकासमोर होते; त्या कार्यालयात नेले जात असेल, तर दस्त कशाचा आहे हे आधी विचारावे.

महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. ऑनलाइन फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.