कुरवाच्या पायातली कडी

नवी पेठेतल्या आमच्या घरी नळाला येतं ते उजनीचं पाणी. हिवाळ्यात त्याच पाण्यावर कुरव उतरतात. आपण ज्याला 'सीगल' म्हणतो, तोच हा पक्षी.

गेल्या जानेवारीत धरणाच्या काठावर मला एक मेलेला कुरव दिसला. हात न लावता, वाकून पाय पाहिले. कडी नव्हती. एका कार्यालयात फोन केला, तर पहिलाच प्रश्न आला, "जवळपास कोंबड्या आहेत का?" मी नाही म्हटलं. पलीकडून फोन ठेवला गेला.

या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

१९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, मग माणसंही दगावली. आजार गोचिडींतून पसरत होता आणि त्याचा विषाणू रशियातल्या एका विषाणूच्या नात्यातला निघाला. शंका आली, उत्तरेकडून येणारे पक्षी तर या गोचिडी आणत नसतील? म्हणून १९५९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अली आणि 'बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी'ने पक्ष्यांच्या पायात नंबराच्या कड्या घालायचं मोठं काम हाती घेतलं. कडी सापडेल त्याने मुंबईला कळवायचं. पक्षी कुठून कुठे जातात, हे आपल्याला कळत गेलं ते अशा कड्यांमुळे. पण सुरुवात माणसाच्या भीतीतून झाली होती.

२००५मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूने हजारो रानपक्षी मेले. त्यांत पट्टकादंब होते, तपकिरी डोक्याचे कुरवही होते. हे दोन्ही पक्षी हिवाळ्यात उजनीवरही येतात. पुढच्याच फेब्रुवारीत आपल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये हा रोग सापडला. भारतातली ती पहिली साथ. पुन्हा सगळ्यांच्या नजरा आकाशाकडे लागल्या. मेलेल्या पक्ष्यांची आठवणही आपण रोग आणणारे म्हणूनच ठेवली.

१९८७पासून आशियात दर जानेवारीला पाणपक्ष्यांची गणना होते. स्वयंसेवक काठावर उभे राहून डोकी मोजतात. ते काम मोलाचंच आहे, पण ती मोजणी जिवंतांची. थव्याची तब्येत कळायला मेलेलेही मोजावे लागतात. कुठे, कधी, किती, एवढं तरी लिहिलेलं हवं. एक मेला तर ती घटना. वर्षानुवर्षांच्या नोंदी असतील, तरच यंदा जास्त मेले का, हे कळेल.

मी फोनमध्ये एक वही उघडली आहे. फोटो, तारीख, जागा. पहिली ओळ अशी : कुरव, एक, उजनी. कोंबड्या नाहीत.