शतावरीचे ‘शंभर पति’ आणि वैद्यकपोथ्यांतील स्त्री

गेल्या वर्षीं एका स्नेह्यांनीं आमच्याकडे एक लहानशी डबी पाठविली. डबींत शतावरीच्या मुळांची पूड होती. ही वनस्पति प्राचीन शास्त्रांत ‘स्त्रियांचें वाजीकरण’ म्हणून प्रसिद्ध असून तिच्या नांवाचा अर्थच ‘शंभर पति असणारी’ असा आहे, असें वेष्टनावर छापलें होतें. स्नेह्यांचा प्रश्न एवढाच होता कीं, हें कोणत्या ग्रंथांत आहे? ते हस्तलिखितांचे संग्राहक आहेत, त्यांच्या घरीं वैद्यकाचीं बाडें पुष्कळ आहेत, आणि त्यांत त्यांस असें वचन कोठें मिळालें नव्हतें. त्यांस पत्रानें जें उत्तर दिलें तेंच कांहींसें वाढवून येथें मांडतों.

प्रथम नांवाचा विचार करूं. ‘शतं वराः यस्याः’ असा बहुव्रीहि मानला तर रूप ‘शतवरा’ असें व्हावें. ‘शत’ शब्दाच्या अंतीं दीर्घ आकार कोठून आला आणि शेवटीं ईकार कां आला, याचें उत्तर या व्युत्पत्तीपाशीं नाहीं. जुन्या परंपरेचे कोशकार ‘शत’, ‘आ’ आणि ‘वृ’ धातु अशी फोड करितात. म्हणजे शंभरांनीं झांकणारी किंवा वेढणारी. दुसराहि एक मार्ग आहे. ज्या शब्दांच्या अंतीं ‘वन्’ असतें त्यांचें स्त्रीलिंगीं रूप ‘वरी’ असें होतें, हें पाणिनीनें चवथ्या अध्यायाच्या आरंभीं सांगितलें आहे. ऋग्वेदांत ‘ऋतावन्’ याचें ‘ऋतावरी’ होतें, आणि तेथें ‘ऋत’ शब्दाचा अन्त्य अकार दीर्घहि झालेला आहे. त्याच सांच्यांत आपला शब्द बसविला तर ‘जिच्यापाशीं शंभर आहेत ती’ एवढाच अर्थ निघतो. शंभर काय, हें अमरसिंहाला विचारावें. त्यानें दिलेल्या पर्यायांत ‘शतमूली’ आहे, ‘बहुसुता’ आहे, ‘अभीरु’ आहे, ‘नारायणी’ आहे. पति कोठेंहि नाहींत. ज्यानें ही वेल स्वतः खणून काढली आहे त्याला मुळांचा तो पांढुरका झुबका पाहिल्यावर कोशाचीहि गरज पडणार नाहीं. अमरानें ‘वरी’ असाहि एक पर्याय दिला आहे, व प्रतिपक्षी त्याकडे बोट दाखवील. परंतु ‘सत्यभामा’ची जशी ‘भामा’ होते तशी ‘शतावरी’ची ‘वरी’ झाली असावी, असें आमचें मत आहे. पतींचा अर्थ ज्यानें प्रथम लावला त्याची दृष्टि व्याकरणापेक्षां विक्रीकडे अधिक होती.

आतां ‘वाजीकरण’. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा दुसरा अध्याय वाजीकरणाचा असून त्याचे चार पाद आहेत: संयोगशरमूलीय, आसिक्तक्षीरिक, माषपर्णभृतीय आणि पुमाञ्जातबलादिक. हे चारहि पाद सलग वाचले असतां एक गोष्ट मनांत भरते. त्यांतील एकहि योग स्त्रीनें घ्यावयाचा नाहीं. उडीद, दूध, तूप, साखर, खाजकुहिलीचें बीज हें सारें पुरुषासाठीं. आणि पहिल्याच पादांत, सर्व वाजीकरणांत श्रेष्ठ कोणतें याचें उत्तर, हर्ष उत्पन्न करणारी स्त्री, असें दिलें आहे. म्हणजे या अध्यायांत स्त्री रोगी नाहीं आणि वैद्याकडे येणारीहि नाहीं. ती स्वतःच औषध आहे. शार्ङ्गधरानें तर द्रव्यांच्या व्याख्या सांगतांना शुक्राची प्रवर्तक म्हणून स्त्रीला वनस्पतींच्या पंक्तींत बसविलें आहे. सुश्रुताच्या चिकित्सास्थानांतील सव्विसावा अध्याय आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयाचा शेवटचा, म्हणजे उत्तरस्थानाचा चाळिसावा, यांची तऱ्हाहि अशीच आहे. शतावरी या सर्वांत भेटते, पण पुरुषाच्या पात्रांत. सोळाव्या शतकांतील भावमिश्र तिचे गुण सांगतांना ती शुक्र आणि स्तन्य दोन्ही वाढविते असें म्हणतो. पुरुषाचें वीर्य आणि मातेचें दूध! स्त्रीच्या स्वतःच्या इच्छेसाठीं या दोहोंच्या मध्यें जागा ठेवलेली नाहीं.

मग प्राचीनांस हा विषय ठाऊकच नव्हता काय? होता, पण तो दुसऱ्या अध्यायांत आहे. चरकाच्या चिकित्सास्थानाचा शेवटचा, तिसावा अध्याय योनिव्यापदांचा. हा भाग दृढबलानें पूर्ण केलेल्या अध्यायांपैकीं मानतात. येथें वीस व्याधि मोजले आहेत, आणि आमच्या समजुतीप्रमाणें जुन्या वैद्यकांत स्त्रीच्या शरीराकडे इतक्या जवळून पाहणारें प्रकरण विरळा. ‘प्राक्चरणा’ म्हणजे अति कोवळ्या वयांत झालेल्या समागमानें होणारी पीडा; कारण स्पष्ट सांगितलें आहे, आडपडदा नाहीं. ‘अन्तर्मुखी’ या व्याधींत स्त्रीला तीव्र वेदना होऊन ती समागमाला असमर्थ होते, आणि त्याचें मूळ भरल्या पोटीं व वेड्यावांकड्या स्थितींत झालेल्या संगांत आहे, असें म्हटलें आहे. ‘शुष्का’ हें नांवच बोलकें आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्राच्या अडतिसाव्या अध्यायांत ‘परिप्लुता’ हिला समागमाच्या वेळीं फार दुखतें. आज ज्या तक्रारींसाठीं त्या डब्या खपतात, त्यांतील निदान निम्म्या तरी या दोन अध्यायांत नांवानिशीं नोंदलेल्या आहेत.

उपचारहि आहेत: तेलाचे पिचू, बस्ति, धावनें, लेप आणि सिद्ध घृतें. त्यांत चरकाचें मोठें शतावरीघृत येतें, व शतावरीला स्त्रीच्या औषधांत खरें स्थान कोठें असेल तर तें येथें. ओल्या मुळांच्या चार तुला घेऊन रस काढावा, त्यांत दूध घालून आढकभर तूप सिद्ध करावें, निवाल्यावर मध, पिंपळी व साखर मिसळावी. एक तुला म्हणजे शंभर पल. तेव्हां चार तुला म्हणजे जुन्या मापानें सुमारें वीस शेर मुळें होतात. एवढ्या रसाचें सार तुपांत उतरवून त्याचें चाटण कर्षभर घ्यावयाचें. चिमूटभर पुडीशीं या कल्पाचें नातें काय, हें वैद्यांनीं ठरवावें. आमच्या विषयाला महत्त्वाची आहे ती फलश्रुति. योनीचे व आर्तवाचे दोष जातात असें सांगून लगेच तें घृत वृष्य आहे, पुंसवन आहे, असें म्हटलें आहे. वाग्भटाचें फलघृत, ज्यांत शतावरीबरोबर अश्वगंधाहि आहे, त्याच्या नांवांतील ‘फल’ म्हणजे संतति. ऋतुस्नात स्त्रीनें अश्वगंधेच्या काढ्यांत सिद्ध केलेलें दूध तुपाबरोबर घ्यावें हा भावप्रकाशांतील योगहि गर्भधारणेसाठींच आहे. वाट कोणतीहि धरली तरी ती पाळण्यापाशीं जाऊन थांबते.

इच्छेविषयीं हे ग्रंथ अगदीं मुके आहेत असें मात्र म्हणतां येत नाहीं. जिला पुरुषांचा द्वेष वाटतो अशी ‘षण्ढी’ चरकानें वर्णिली आहे व तिला असाध्य ठरविलें आहे; समागमानें जिची तृप्ति होत नाहीं ती ‘अत्यानन्दा’ सुश्रुतानें कफाच्या विकारांत घातली आहे. इच्छा नसली तर उपाय नाहीं आणि पुरली नाहीं तर रोग! या दोहोंच्या दरम्यान सामान्य संसारी स्त्री कोठें उभी राहत होती, हें विचारण्याचें कारण संहिताकारांस पडलें नाहीं.

कामशास्त्रकारांस तें थोडेंसें पडलें. वात्स्यायनाचें सातवें, औपनिषदिक अधिकरण योगांचें आहे; पंडित दुर्गाप्रसादांनीं इ. स. १८९१ मध्यें मुंबईस जयमंगला टीकेसह छापलेली प्रत अभ्यासकांस परिचित आहे. त्यांतील ‘नष्टरागप्रत्यानयन’ हें प्रकरण नांवावरून आशादायक वाटतें, पण आंत चिंता आहे ती स्त्रीला तृप्त करूं न शकणाऱ्या पुरुषाची. लोदी घराण्यांतील लाडखानासाठीं सोळाव्या शतकांत कल्याणमल्लानें रचिलेल्या अनंगरंगांत औषधांच्या प्रकरणाचा आरंभच स्त्रीच्या शीघ्र तृप्तीसाठींच्या योगांनीं होतो, पुरुषाचे योग मागाहून येतात. हा क्रम आम्हांस लक्षणीय वाटतो. तथापि बडीशेप, कापूर, टांकणखार, मध यांचे ते लेप पुरुषानें आपल्या अंगास लावावयाचे आहेत. एकांत पाराहि आहे, म्हणून पोथी पाहून प्रयोग करण्याची कोणी हौस करूं नये. स्त्रीच्या सुखाची आठवण झाली, परंतु औषध पुन्हां पुरुषाच्याच हातीं राहिलें.

येथें पोथ्यांच्या संग्राहकांस एका जुन्या हानीची आठवण करून देतों. इ. स. १८९० मध्यें लेफ्टनंट बॉवर यांस मध्य आशियांतील कुचा येथें भूर्जपत्रांची जी पोथी मिळाली, जिचें संपादन रुडॉल्फ हर्न्ले यांनीं केलें व जी आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत आहे, तिच्यांत ‘नावनीतक’ नांवाचा वैद्यकग्रंथ आहे. ग्रंथकारानें प्रारंभींच सोळा अध्यायांची सूचि दिली आहे. आठवा वाजीकरणाचा, तो आहे. चवदावा बालरोगांचा, तो मध्येंच तुटतो. पंधरावा वंध्या स्त्रियांचा आणि सोळावा अपत्यवती स्त्रियांचा; ते दोन्ही गेले. पोथीचीं शेवटचीं पानें सर्वांत आधीं जातात हा सामान्य नियम आहे, त्यांत कोणाचा हेतु नव्हता. पण स्त्रियांचें प्रकरण शेवटीं ठेवण्याची रीत जेथें असेल तेथें हा नियम स्त्रियांच्याच मुळावर येतो, आणि चरकाच्या चिकित्सास्थानांतहि तें शेवटींच आहे.

हेतुपुरस्सर झालेल्या हानीचें उदाहरण द्यावयाचें तर दूर जाण्याची गरज नाहीं. प्रस्तुत लेखक तरुण शिक्षक असतां एका वैद्यघराण्यांतील मोडी बाडाची नक्कल करीत होता. ज्वर, अतिसार, सर्पदंश हें सर्व उतरून घेतलें. पुढें अकरा पानें बायकांच्या औषधांचीं आलीं. त्यांतील दोन-तीन ओळी वाचल्या, संकोच वाटला, आणि वहींत ‘किरकोळ औषधें, पानें ११’ एवढी नोंद करून पुढील प्रकरण घेतलें. अकरा वर्षांनीं त्याच घरीं गेलों तों वाडा पडला होता व बाड वाळवीनें खाल्लें होतें. त्या पानांत काय होतें हें सांगण्यास आतां कोणी उरलें नाहीं. त्या दोन-तीन ओळींपैकीं एकच आठवते: ती ‘घरधनिणीचें मन लागत नाहीं’ अशा कांहीं शब्दांनीं सुरू होत होती. संहितांत जें सांपडत नाहीं तें कदाचित् तेथें होतें.

म्हणून डबीवरील वचनाचा आम्हांस राग येतो तो निराळ्या कारणानें. ग्रंथाधाराचा प्रश्न आज नुसता शोभेचा राहिलेला नाहीं. इ. स. १९४० च्या औषधविषयक कायद्यास १९६४ मध्यें आयुर्वेदाच्या प्रमाणग्रंथांची सूचि जोडण्यांत आली. तींत चरक, सुश्रुत, भावप्रकाश, योगरत्नाकर हे सर्व आहेत. उलट, कामसुख वाढविण्याच्या औषधांची जाहिरात इ. स. १९५४ च्या कायद्यानें निषिद्ध आहे. या दोन भिंतींच्या मधून वाट काढण्यासाठीं ‘प्राचीनांनीं सांगितलेलें’ हें मोघम विशेषण फार सोयीचें पडतें. अश्वगंधेच्या मुळाच्या अर्काचा ५० स्त्रियांवर ८ आठवडे केलेला प्रयोग इ. स. २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला व त्यांत कांहीं लाभ दिसला असें म्हटलें आहे. प्रयोग लहान आहे. त्याची परीक्षा त्याच्या शास्त्राप्रमाणें व्हावी. औषध लागू पडत असेल तर पडो, त्यास चरकाची साक्ष लागत नाहीं. आणि जी साक्ष चरकानें दिलेलीच नाहीं ती त्याच्या तोंडीं घालूं नये. खोटें वचन एकदां रूढ झालें म्हणजे खरें शोधण्याची कोणास निकड वाटत नाहीं, आणि अकरा पानें ‘किरकोळ’ म्हणून सोडून देणें आणखी सोपें होतें.

ज्यांच्यापाशीं वैद्यकाचीं बाडें आहेत त्यांनीं बायकांच्या औषधांच्या पानांची नोंद स्वतंत्र करावी. रोगाचें नांव जसें लिहिलें असेल तसेंच उतरावें, आणि अक्षर एकाच हाताचें आहे कीं मागाहून कोणी भर घातली आहे तेंहि कळवावें. आमच्या स्नेह्यांनीं आपल्या चार बाडांची अशी यादी पाठविली आहे. दोहोंत शतावरी बाळंतिणीच्या दुधासाठीं सांगितली आहे, एकांत पुरुषाच्या पुष्टीसाठीं. चवथ्या बाडाचीं शेवटचीं पानें एकमेकांस चिकटलीं आहेत. तीं अद्याप सोडविलेलीं नाहींत.