गोंदियातील विजेच्या वाहनांची पूर्वपीठिका

वैनगंगा, बाघ आणि चुलबंद या नद्यांच्या पाण्यावर पोसलेला झाडीपट्टीचा हा मुलूख मालगुजारी तलावांचा आणि धानाचा असल्यामुळे, येथील वाहतुकीचा इतिहास म्हणजे मूलतः बांधीतले धान बाजारापर्यंत कसे पोहोचले याचाच इतिहास होय. माल वाहावयास बंडी आणि माणसे न्यावयास रेंगी, अशी साधनांची विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. परंतु पावसाळ्यात रस्त्यांचा चिखल झाला की दोहोंची चाके रुतत आणि गावे आपापल्या सीमेत कोंडली जात.

नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरमापी मार्ग 1880 नंतर या प्रदेशातून गेला, 1887 मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन रुंदमापी केला आणि पुढे तोच मुंबई-हावडा मार्गाचा दुवा ठरला. तथापि गोंदियाला जंक्शनची प्रतिष्ठा आणली ती अडीच फुटी रुळांवरून धावणाऱ्या सातपुडा रेल्वेने. 1903 ते 1905 या अवधीत बालाघाट, नैनपूर करीत ती जबलपुरास पोहोचली आणि 1908 मध्ये दक्षिणेस नागभीडकडे दुसरा फाटा निघाला. या छोट्या गाडीचा वेग बेताचाच होता. तरीही लोकांनी ती आपलीशी केली, याचे कारण माझ्या मते असे की ती थेट जंगलातल्या खेड्यांजवळ थांबे, तेथील माल उचली आणि तिच्या इंजिनाला लागणारे पाणी व कोळसा यांची तजवीज कंपनीने स्वतःकडे घेतलेली असल्यामुळे उतारूला तिकिटापलीकडे कसलीही विवंचना नसे. धानाच्या गिरण्या, तेंदूपत्ता आणि बिडी यांच्या व्यापाराने गोंदियात जे बस्तान बसविले, त्यात या रुळांचा वाटा फार मोठा आहे.

विजेवर चालणारे पहिले वाहनही येथे रुळांवरूनच आले. दुर्ग-नागपूर टप्प्याचे विद्युतीकरण होत असता 1990-91 च्या सुमारास गोंदियाच्या माथ्यावर तारा आल्या. त्यासाठी जनतेचे मन वळवावे लागले नाही. इंजिन बदलले, प्रवासी तेच राहिले.

खरा कसोटीचा प्रसंग रस्त्यावर होता, आणि तेथे पुढाकार घेतला तो सायकल-रिक्षा ओढणाऱ्याने. स्थानकाबाहेर उन्हातान्हात पायडल मारून ज्याची छाती झिजली, त्याच्या दृष्टीने बॅटरीची रिक्षा ही देहाची सुटका होती. प्रारंभी देशभर या रिक्षांना कायद्यात स्थानच नव्हते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2014 मध्ये तेथे त्यांवर बंदी घातली, तेव्हा केंद्राने त्याच वर्षी नियम घडविले आणि 2015 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून त्यांना मान्यता दिली. चार उतारू, चाळीस किलो सामान, ताशी पंचवीस किलोमीटर ही त्या नियमांची चौकट. आसनाखाली बारा-बारा व्होल्टच्या चार शिशाच्या बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या. रात्री घरी आठ-दहा तास चार्जिंग, अधूनमधून झाकणे उघडून पाण्याची पातळी पाहणे आणि डिस्टिल्ड वॉटर घालणे, ही तिची निगा. त्यात हयगय झाली की बॅटरी लवकर बसते आणि नवा संच घेण्यासाठी पुन्हा कर्ज काढावे लागते.

येथे एक विसंगती मनाला लागते. 1 एप्रिल 2019 पासून अमलात आलेल्या, विजेच्या वाहनांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी 10,000 कोटी रुपयांची तरतूद होती, परंतु शिशाच्या बॅटरीवरील वाहने अनुदानास पात्र नव्हती. शिसे विषारी आहे आणि लिथियमची बॅटरी अधिक टिकते, हे खरे. म्हणून धोरणाचा हेतू मला मान्य आहे. पण ज्या गरिबाने सरकारी प्रोत्साहनाची वाट न पाहता विजेचे वाहन स्वीकारले, त्याला चांगल्या बॅटरीपर्यंत पोहोचविण्यासाठी सुलभ कर्जाची सोयही तितक्याच तत्परतेने व्हावयास हवी होती.

महाराष्ट्र शासनाने 2018 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले. 2025 पर्यंत नव्या नोंदणीत दहा टक्के वाहने विजेची असावीत, हे दुसऱ्या धोरणाचे उद्दिष्ट होते. गोंदियाच्या खेड्यापाड्यांतील गृहस्थ मात्र अनुदानाच्या आकड्याआधी विजेचा भरवसा विचारतो. 2005 नंतरची भारनियमनाची वर्षे त्याच्या स्मरणात आहेत. याच जिल्ह्यातील तिरोड्यात कोळशावर चालणारे 3,300 मेगावॅटचे वीजकेंद्र उभे आहे, त्याच्या तारा शेतांवरून दूरदूर गेल्या आहेत; तेव्हा त्या शेतांच्या मालकाने स्कूटरसाठी अखंड विजेची हमी मागितली तर ती रास्तच मानली पाहिजे.

देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव येथल्या माणसाला तहसिलीत, दवाखान्यात, बाजारात जाऊन त्याच दिवशी जंगलाच्या रस्त्याने परतावे लागते. वाटेत चार्जिंगची सोय आणि तालुक्याला जाणता मिस्त्री असल्यावाचून तो पेट्रोलची गाडी सोडणार नाही. एस.टी. महामंडळाने विजेच्या बसगाड्यांचा मार्ग पत्करलाच आहे. त्या गाड्यांसाठी गोंदिया व तिरोडा आगारांत जेव्हा चार्जिंगची व्यवस्था होईल, तेव्हा आगाराच्या आवारालगत रिक्षा आणि स्कूटर यांच्यासाठीही माफक दरात जागा राखून ठेवावी, एवढी मागणी जिल्ह्याने आताच लेखी नोंदवून ठेवावी.