‘सहा महिने’ आले कुठून? अगदी छोट्या कुत्रीच्या नसबंदीच्या वयाचा इतिहास

मध्यंतरी एक ताई त्यांची पाच महिन्यांची चिवावा घेऊन आल्या. वजन दीड किलो, स्वेटरच्या बाहीत मावेल एवढा जीव. मोबाईलवर दोन लेख उघडून त्यांनी माझ्यासमोर धरले. एकात लिहिलं होतं, पहिल्या हीटच्या आधी ऑपरेशन केलंच पाहिजे, नाहीतर कॅन्सर. दुसऱ्यात लिहिलं होतं, दीड वर्ष थांबा, नाहीतर सांधे कायमचे जातील. “डॉक्टर, यातलं खरं कोणतं?”

दोन्ही लेखांमागे खरे अभ्यास आहेत. पण त्यातला एकही दीड किलोच्या कुत्रीसाठी केलेला नाही. तुमच्या घरी पॉमेरेनियन, यॉर्की, माल्टीज किंवा चिवावा असेल, तर हे आकडे कुणी, कधी आणि कशासाठी काढले ते समजून घ्या. निर्णय बराच सोपा होईल.

आधी थोडं ऑपरेशनबद्दल. ‘स्पे’ म्हणजे मादीचे बीजांडकोश, आणि बहुतेक वेळा गर्भाशयही, काढून टाकणं. पोट उघडावं लागतं. ईथर १८४६ मध्ये आणि क्लोरोफॉर्म १८४७ मध्ये वापरात आलं. लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत १८६७ मध्ये मांडली. त्याआधी घरातल्या कुत्रीचं पोट उघडणं म्हणजे जिवावरचाच खेळ. विसाव्या शतकात भुलीची औषधं सुधारली, पण कोवळ्या पिल्लांच्या बाबतीत डॉक्टर बराच काळ घाबरूनच असत, आणि ते बरोबरही होतं. तेव्हाचं पेंटोबार्बिटल शरीराबाहेर टाकायचं काम यकृताचं, आणि पिल्लाचं यकृत अजून तयार झालेलं नसतं. पिल्लू जागं व्हायला तासन् तास लागत. त्यामुळे लसीकरण संपलेलं, अंगाने जरा भरलेलं पिल्लू, म्हणजे साधारण सहा महिन्यांचं, हा सोयीचा मुक्काम ठरला. सहा महिने हेच उत्तम वय आहे असं एखाद्या मोठ्या प्रयोगात सिद्ध झालं होतं, असं नाही. ती वहिवाट होती.

त्या वहिवाटीला १९६९ मध्ये एक भक्कम टेकू मिळाला. कॅलिफोर्नियातल्या श्नायडर आणि सहकाऱ्यांनी स्तनांच्या कॅन्सरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले तीन आकडे आजही प्रत्येक क्लिनिकमध्ये ऐकू येतात: ०.५, ८ आणि २६ टक्के. पहिल्या हीटआधी नसबंदी केली तर ०.५, एका हीटनंतर ८, दोन किंवा जास्त हीटनंतर २६.

इथे जरा थांबा, कारण बहुतेक पालक इथेच फसतात. (आम्ही डॉक्टरही फसतो. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं हे आकडे चुकीचे सांगत होतो.) एका हीटनंतर शंभरातल्या आठ कुत्र्यांना कॅन्सर होतो, असा याचा अर्थ नाही. नसबंदी न केलेल्या कुत्रीचा धोका शंभर धरला, तर त्याच्या तुलनेत एका हीटनंतर नसबंदी केलेल्या कुत्रीचा धोका आठ. हे तुलनेचे आकडे आहेत. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०१२ मध्ये या विषयावरचे उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा पुरावा कमकुवत आहे असंच त्यांना म्हणावं लागलं. म्हणजे फायदा नाही असं नव्हे, पण ०.५ हा आकडा दगडावरची रेघ समजून एक हीट झाली म्हणून रडत बसायचं कारण नाही.

पुढचं वळण वेगळ्याच कारणाने आलं. १९७० च्या दशकात अमेरिकेत बेवारस कुत्री आणि आश्रयस्थानांत मारले जाणारे प्राणी हा मोठा प्रश्न होता. पिल्लू दत्तक गेलं की नवे मालक ऑपरेशनला परत आणतातच असं नाही. म्हणून दत्तक देण्याआधीच, म्हणजे दोन महिन्यांच्या वयात, नसबंदी करावी असा मुद्दा १९८७ मध्ये लिबरमन यांनी मांडला. त्यांच्या प्रश्नाला ते उत्तर योग्य होतं. तुमच्या सोफ्यावरच्या कुत्रीचा प्रश्न तो नाही. त्यातून संशोधन मात्र पुढे सरकलं. फ्लोरिडातल्या १९९१ च्या अभ्यासात दिसलं की सात आठवड्यांत किंवा सात महिन्यांत नसबंदी केली, तर हाडांची वाढ थांबायला जास्त वेळ लागतो आणि हाडं थोडी लांब होतात. २००४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासात तीन महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये लघवी गळण्याचं प्रमाण जास्त आढळलं.

मग आलं २०१३. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या हार्ट आणि सहकाऱ्यांनी ७५९ गोल्डन रिट्रीव्हरच्या नोंदी तपासल्या. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांत सांध्यांचे आजार वाढलेले दिसले. “दीड वर्ष थांबा” या सल्ल्यामागे मुख्यतः असे अभ्यास आहेत. तीस किलोच्या कुत्र्याचा सांगाडा वर्ष-दीड वर्ष वाढत राहतो आणि सांध्यांवर भारही मोठा, त्यामुळे त्यांच्यासाठी सल्ला रास्त आहे. पण ज्यांच्या घरी दोन किलोची कुत्री आहे तेही घाबरले. त्याच गटाने २०२० मध्ये ३५ जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. छोट्या जातींत नसबंदीमुळे सांध्यांचे आजार वाढलेले दिसले नाहीत. शिह त्झू आणि बोस्टन टेरियर या दोन छोट्या जातींत काही कॅन्सर वाढलेले दिसले, तेवढा अपवाद. ही बातमी मात्र पहिल्या बातमीइतकी पसरली नाही.

लघवी गळण्याचंही तसंच. झ्युरिकच्या १९८९ च्या अभ्यासात नसबंदीनंतर हा त्रास २० किलोवरच्या माद्यांत ३१ टक्के होता, त्याखालच्यांत ९.३ टक्के.

मग छोट्या कुत्रीला धोका नाहीच का? आहे, पण तो सांध्यांत नाही, ऑपरेशनच्या टेबलावर आहे. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ दरम्यान सुमारे ९८ हजार कुत्र्यांच्या भुलीच्या नोंदी ठेवल्या गेल्या. भुलीशी संबंधित मृत्यू एकूण ०.१७ टक्के आणि निरोगी कुत्र्यांत ०.०५ टक्के. पण पाच किलोखालच्या कुत्र्यांत धोका स्पष्टपणे जास्त होता. कारणं साधी आहेत. दोन किलोच्या कुत्रीच्या अंगात सगळं मिळून एक कपभर रक्त असतं. वीस मिली सांडलं तरी ते थोडं नाही. वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा, म्हणून ती टेबलावर भराभर गार पडते. साखरेचा साठा नगण्य, त्यामुळे रात्रभर उपाशी ठेवलं तर सकाळी साखर उतरलेली असते. यॉर्की आणि माल्टीजमध्ये यकृताला वळसा घालून जाणारी जन्मजात रक्तवाहिनीही इतर जातींपेक्षा जास्त आढळते. ती आधी तपासली नाही तर भूल उतरायला फार वेळ लागू शकतो.

म्हणून अशा कुत्रीसाठी प्रत्येक आठवड्याचं आणि प्रत्येक शंभर ग्रॅमचं मोल आहे. अमेरिकन अॅनिमल हॉस्पिटल असोसिएशनची २०१९ ची मार्गदर्शिका छोट्या जातींसाठी पहिल्या हीटआधी, पाच-सहा महिन्यांत, असं सांगते. पण तिथे ‘छोटी’ म्हणजे ४५ पौंडांखालची, जवळपास वीस किलोपर्यंतची! आपली दीड किलोची त्यात कुठेतरी कोपऱ्यात बसते.

मग जरा जास्तच थांबलं तर? आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकात घरोघरी पांढरा ‘पॉमेरेनियन’ असे. खरं तर त्यातले बहुतेक इंडियन स्पिट्झ. ‘हम आपके हैं कौन’मधला टफीही स्पिट्झच. “एकदा तरी पिल्लं होऊ द्या” असं शेजारीपाजारी सांगत आणि मग विषय राहून जाई. अशीच नऊ वर्षांची एक स्पिट्झ माझ्याकडे रात्री आली. पाणी सारखं पीत होती, जेवण बंद, पोट फुगलेलं. पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू. जे ऑपरेशन तरुणपणी ठरवून झालं असतं, ते ताप असताना, किडनी थकलेली असताना करावं लागलं. ती वाचली नाही. हा आजार दुर्मीळ नाही: स्वीडनमधल्या विमा नोंदींच्या २००१ च्या अभ्यासात दहा वर्षांच्या वयापर्यंत सुमारे चौथा हिस्सा माद्यांना तो झालेला होता.

त्या ताईंना मी हेच सगळं सांगितलं. तिच्या वरच्या दोन्ही दुधाच्या सुळ्यांजवळ नवे सुळे येत होते. दुधाचे पडले नाहीत, तर त्याच भुलीत काढता येतील म्हणून सातव्या महिन्यापर्यंत थांबायचं ठरलं. मधल्या काळात हीट आली असती, तर ती संपल्यावर दोन-तीन महिने थांबलो असतो, कारण हीटमध्ये गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि लगेच नंतर केलं तर खोटं गर्भारपण येऊ शकतं. ताईंना ते पटलं, पण दर रविवारी त्यांचा वजनकाट्याचा फोटो येत राहिला.

हीट आली नाही. सात महिन्यांची झाली तेव्हा वजन १ किलो ९०० ग्रॅम होतं. यकृताच्या तपासण्या करून घेतल्या. पहाटे थोडं खाऊ घालून आणायला सांगितलं, टेबलावर गरम हवेची चादर ठेवली, दर थोड्या वेळाने साखर पाहिली. सुळे पडलेच नव्हते, तेही काढले. दुपारी ती उठून बसली आणि चमच्याने उकडलेलं चिकन खाल्लं. ताईंनी दोन्ही दात एका डबीत घालून घरी नेले.