आधी दारू सोड, मग बोलू

दोनदा व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेल्या रूममेटला मी एवढंच विचारायचो, “कधी सोडणार?” अमेरिकेतही अनेक वर्षं हीच रीत होती: आधी दारू सोडा, बालपणीच्या लैंगिक अत्याचाराचं नंतर बघू. पण ती आठवण दाबायलाच कित्येक जण पीत होते.

१९९८ साली फेलिटी आणि अँडा यांनी सॅन दिएगोतल्या साडेनऊ हजार प्रौढांची माहिती मांडली. बालपणी चार किंवा जास्त प्रकारचे आघात झालेल्यांत दारू, ड्रग्ज, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट होता.

२००२ साली लिसा नजाविट्स यांचं ‘सीकिंग सेफ्टी’ आलं: व्यसन आणि आघात, दोन्हींवर एकत्र उपचार. जखम उकरायची सक्ती नाही. आधी आजचा दिवस सुरक्षित.

बग दिसला की मी कारण शोधतो. मित्राला मात्र नुसती तारीख विचारत राहिलो.